पिल्लांच्या खाद्यातील औषध

कोंबडीच्या पिल्लांसाठी अमेरिकेत दोन प्रकारचे खाद्य विकले जाते. एक साधे, तर दुसऱ्याच्या गोणीवर 'औषधयुक्त' असे छापलेले असते. निरोगी पिल्लाला पहिल्या दिवसापासून औषध का द्यायचे, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

1923 साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या गृहिणीने 50 पिल्ले मागवली. उबवणी केंद्राच्या चुकीने 500 आली! तिने ती परत न पाठवता मांसासाठी वाढवली आणि विकली. पुढच्या काही वर्षांत तिचे पाहून अनेकांनी हा धंदा सुरू केला. त्याच सुमारास ड जीवनसत्त्वाचा शोध लागला होता. कॉडलिव्हर तेल खाद्यात घातले की पिल्ले उन्हाशिवायही वाढत. त्यामुळे शेकडो पिल्ले बंद खोलीत, एकाच गादीवर ठेवणे शक्य झाले.

ही सोय एका परजीवीच्याही पथ्यावर पडली. 'आयमेरिया' हा एकपेशीय जीव पिल्लाच्या आतड्यात वाढतो. विष्ठेतून त्याचे कठीण कवचाचे 'उसिस्ट' बाहेर पडतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते संसर्गक्षम होतात. पिल्लू चोच मारते, उसिस्ट पोटात जातो, त्यातून आठ जंतू सुटतात आणि आठवड्याभरात हजारो नवे उसिस्ट गादीवर पडतात. उकिरड्यावर आईमागे हिंडणाऱ्या पिल्लाच्या पोटात ते थोडे थोडे जातात; दाटीच्या खोलीत मात्र एकदम फार जातात. मग रक्ती हगवण लागते आणि पिल्ले पटापट मरतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ते कवच दाद देत नाही.

ओरेगॉनमधील डब्ल्यू. टी. जॉन्सन यांनी 1920 च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: सौम्य संसर्गातून वाचलेले पिल्लू पुढे त्या रोगाला बळी पडत नाही. हार्वर्डच्या अर्नेस्ट टायझर यांनी 1929 मध्ये या परजीवीच्या अनेक जाती वेगळ्या करून दाखवल्या. एका जातीविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीविरुद्ध उपयोगी पडत नाही, हेही स्पष्ट झाले.

पण शेतकऱ्याला तातडीचा उपाय हवा होता. दुधाची भुकटी झाली, गंधक झाले. 1939 मध्ये पी. पी. लेव्हिन यांनी सल्फा औषधाचा गुण दाखवला. हिवतापावरील संशोधनातून पुढे आलेले सल्फाक्विनॉक्सॅलिन माणसांसाठी योग्य ठरले नाही. परंतु 1948 पासून ते कोंबड्यांच्या खाद्यात नित्य मिसळले जाऊ लागले. पिल्लू आजारी पडण्याची वाट न पाहता सर्वांनाच अल्प मात्रा द्यायची, ही पद्धत इथे रुजली. 1950 च्या दशकातच औषधाला न जुमानणारे आयमेरियाही आढळू लागले.

1960 च्या सुमारास ॲम्प्रोलियम आले. त्याची रचना ब-1 जीवनसत्त्वासारखी, म्हणजे थायमिनसारखी असते. परजीवी फसतो, त्याला थायमिन मिळेनासे होते आणि त्याची वाढ खुंटते. पिल्लाच्या पेशींवर त्याचा परिणाम कितीतरी कमी होतो. किलोभर खाद्यात सुमारे 125 मिलिग्रॅम एवढी मात्रा पुरते. एवढ्याने सर्व परजीवी मरत नाहीत, आणि तेच सोयीचे आहे: उरलेल्यांशी झगडत पिल्लू स्वतःची प्रतिकारशक्ती कमावते.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. 'औषधयुक्त' म्हणजे प्रतिजैविकयुक्त असे आपण चटकन समजतो. वजन वाढवण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्याची कथा वेगळी आहे. तिची सुरुवातही 1940 च्या दशकाच्या अखेरीस झाली. पण त्यातून माणसाला उपद्रव देणारे जीवाणू औषधांना निर्ढावतात, असा इशारा ब्रिटनच्या स्वान समितीने 1969 मध्ये दिला. स्वीडनने 1986 मध्ये, तर युरोपीय संघाने 2006 पासून अशा वापरावर पूर्ण बंदी घातली. भारतानेही 2019 मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुखाद्यातून हद्दपार केले. ॲम्प्रोलियम प्रतिजैविक नाही आणि माणसाच्या आजारात ते वापरले जात नाही. दोघांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल.

मग पिल्लांना ते द्यावे का? जॉन्सन यांच्या कल्पनेवर आधारलेली, जिवंत उसिस्टांची लस 1952 पासून मिळते. लस दिलेल्या पिल्लांना ॲम्प्रोलियम दिले, तर लशीतले परजीवीच दडपले जातात आणि लस वाया जाते. लस नसेल, पिल्ले दाटीत असतील, हवा दमट असेल, तर औषध न देणे महागात पडू शकते. मोजकी पिल्ले, कोरडी गादी आणि मोकळी जागा असेल, तर साध्या खाद्यावरही निभावते. मात्र विष्ठेवर रोज नजर हवी.

वर्गात हा प्रश्न निघाला, तर शिक्षकांनी लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणू नये. औषध कोणते, लस दिली आहे का, गादी ओली आहे का, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारायला लावावेत. पुढचा निर्णय ते स्वतः घेऊ शकतील.