भाता आणि इंजिन



गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने इंजिनाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पेडणे, डिचोली आणि बार्देश या आपल्या प्रदेशाच्या अलीकडच्या इतिहासाला ज्या वस्तूंनी वळण दिले, त्यांत डिझेल इंजिनाचे स्थान मोठे आहे. खनिजाचे ट्रक, मांडवीतल्या बार्जी, घाट चढणाऱ्या मालगाड्या यांचा सारा डोलारा त्यावर उभा राहिला. म्हणून इंजिनाचे बळ कशावर ठरते आणि ते वाढविण्याची विद्या कशी घडत गेली, हा आजचा विषय मी निवडला आहे.

सोनार फुंकणीने काम करतो, लोहाराला भाता लागतो. दोघेही एकच गोष्ट करतात : विस्तवाला वारा देतात. इंजिनाचेही तेच आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. व्यवहारात त्याहून बरीच अधिक द्यावी लागते. तेव्हा इंजिनाचे बळ सिलिंडरात शिरणाऱ्या हवेच्या वजनावर ठरते. हवा अपुरी असताना इंधन वाढविले, तर बळाऐवजी काजळी हाती येते.

इंधनातील उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. त्याच धुराकडून पंखा फिरवून घ्यावा आणि त्या पंख्याने ताजी हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे एकस्व त्याने १९०५ मध्ये मागितले. परंतु तप्त धुरात टिकणारे धातू आणि पुरेसे कार्यक्षम पंखे तेव्हा नव्हते. खरे यश यायला वीस वर्षे लागली. १९२६ च्या सुमारास ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर ही योजना बसली आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. सिलिंडर तेवढेच, वाढला तो श्वास.

दरम्यान १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने या तत्त्वाची परीक्षा पाईक्स पीक या चौदा हजार फूट उंच पर्वतावर घेतली होती. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे लिबर्टी विमान-इंजिन तेथील विरळ हवेत २२१ वर उतरले. टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर गेले. हवेचे वजन हेच इंजिनाचे बळ, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात अमेरिकन आल्को कंपनीच्या आराखड्यावरून ‘डब्ल्यूडीएम-२’ ही रेल्वे इंजिने तयार होऊ लागली. त्यांना सोळा सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास नऊ इंच आणि दट्ट्याची धाव साडेदहा इंच. सर्वांचे मिळून आकारमान सुमारे १७५ लिटर. मिनिटाला एक हजार फेऱ्यांच्या गतीने त्यातून २६०० अश्वशक्ती मिळे. १९९० च्या दशकात आलेल्या ‘डब्ल्यूडीएम-३ए’ची शक्ती ३१०० झाली आणि पुढच्या ‘३डी’ची ३३००. सिलिंडरांचा व्यास आणि धाव मात्र तीच राहिली. अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर, मोठा आफ्टरकूलर आणि सुधारलेला इंधनपंप यांनी हा फरक घडविला.

आफ्टरकूलर का हवा, हे थोडे समजून घ्यावे लागते. हवा दाबली की तापते आणि तापली की फुगते. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे एकशे वीस अंशांपर्यंत तापते. तिची घनता दुप्पट न होता जेमतेम दीडपट होते. तीच हवा पासष्ट अंशांपर्यंत निववली, की घनता पावणेदोन पटीच्या पुढे जाते. म्हणजे केवळ दाबाचा काटा वर गेला म्हणून बळ तेवढेच वाढले असे नव्हे. शिवाय दाब वाढला की दट्ट्या, हेड, बेअरिंग या सर्वांवरचा ताणही वाढतो. बळाची किंमत धातूला मोजावी लागते.

दुसरा प्रश्न मापाचा. मोठा टर्बोचार्जर पुष्कळ हवा देतो. पण त्याचे चक्र जड असल्याने वेग घ्यायला वेळ लावतो. लहान टर्बोचार्जर चटकन जागा होतो. पण पूर्ण भारावर त्याचा घसा अपुरा पडतो, धूर मागे तुंबतो आणि चक्र मर्यादेबाहेर फिरण्याचा धोका उद्भवतो. सोनाराच्या फुंकणीने नांगराचा फाळ तापत नाही आणि लोहाराच्या भात्यापुढे नथ धरता येत नाही, तसेच हे.

कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुली झाली आणि २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण पुरे झाले. मधल्या काळात थिवी किंवा पेडणे स्थानकावरून गाडी सुटताना आल्को इंजिनाच्या माथ्यावरून उठणारा काळा लोट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. इंधन आधी पोहोचले आणि टर्बोचार्जर अजून वेग घेत होता, एवढाच त्याचा अर्थ. कुळे ते कॅसलरॉक या घाटात, जेथे सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, हुबळीच्या ‘डब्ल्यूडीजी-४’ इंजिनांनी वेगळे उत्तर आणले. त्यांचा टर्बोचार्जर आरंभी दंतचक्रांच्या साहाय्याने इंजिनच फिरविते. धूर पुरेसा झाला की क्लच सुटतो आणि पंखा धुरावर चालू लागतो. मोठा भाता हवा आणि तो तात्काळही हवा, या पेचातून काढलेली ही वाट.

ही विद्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातही पोहोचली होती. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या इंजिनांवरील ‘एनटीए-८५५’सारख्या खुणा मिस्त्री लोक सहज वाचत : टी म्हणजे टर्बो, ए म्हणजे आफ्टरकूलर, ८५५ म्हणजे घनइंचांतील आकारमान. नुसता पंप वाढवून ट्रक जोरात पळविणाऱ्याचा टर्बो लवकर जातो, हे त्यांना धुराच्या रंगावरून कळे. माझ्या वर्गातील कित्येक विद्यार्थी याच घरांतून आलेले होते. त्यांच्या वडिलांची ही विद्या कोणत्याही मराठी पाठ्यपुस्तकात मला आढळली नाही.

२०१२ मध्ये खाणकाम थांबले. पुन्हा सुरू होऊन २०१८ मध्ये परत बंद पडले. ट्रक विकले गेले, मिस्त्री पांगले. पुढे काही खाणी सुरू झाल्या, तरी जी पिढी कानाने इंजिनाचे दुखणे ओळखत होती, ती आता थकली आहे. शिलालेख आणि दानपत्रे जपावीत हे आपण मानतो. मग या माणसांचे शब्द, त्यांच्या युक्त्या आणि त्यांचे अनुभव आपल्या भाषेत उतरविणे हेही इतिहासाचेच काम आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपापल्या गावातील एका तरी जुन्या मिस्त्रीपाशी वही घेऊन बसावे आणि ती वही या विद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्यावी. भाषेलाही श्वास लागतो, आणि तो काम करणाऱ्या माणसांकडूनच येतो.