बोट येईपर्यंत

आगबोटींचा इतिहास पुष्कळांनी लिहून ठेवला आहे. कोणती बोट कोणत्या साली पाण्यात उतरली, तिला किती धुरांडी होती, तिचा कप्तान कोण होता, हे सारे ग्रंथांतून सापडते. पण त्या बोटीवर आपले माणूस आहे आणि बोट ठरल्या दिवशी आली नाही, अशा वेळी धक्क्यावर किंवा घराच्या ओटीवर जी माणसे बसून राहिली, त्यांचा इतिहास कोणी सलग लिहिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या माणसांत बायकाच अधिक असत, हे आपल्या भगिनींना सांगायला नको. म्हणून या स्मरणिकेच्या पानांवर त्या दुसऱ्या इतिहासाकडे थोडे पाहावे, असे मनात आले.

आपल्या किनाऱ्यापासूनच सुरुवात करू. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये कच्छच्या मांडवी बंदरातून 'वैतरणा' नावाची आगबोट मुंबईस यायला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ते मोठे नवल, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. वाटेत तुफान झाले आणि सातशेंहून अधिक माणसांसह ती बोट नाहीशी झाली. बुडाली असणार हे उघडच. पण फळकूटसुद्धा हाती लागले नाही. जमिनीवर त्या वेळी तारायंत्र पोहोचलेले होते. या बंदरातून त्या बंदरात 'बोट आली काय?' अशी विचारणा घटकेत करता येई. परंतु किनारा सोडून बोट आत गेली, की ती कोणाच्याच प्रश्नाला उत्तर देऊ शकत नसे. कच्छ-काठियावाडात किती घरांतून किती महिने दिवा तेवत ठेवला गेला असेल, याचा हिशेब कोणत्या सरकारी कागदात सापडायचा? प्रेत नाही, तारीख नाही, मग सुतक तरी कोणत्या दिवसापासून धरायचे?

या अंधारातल्या वाट पाहण्याला एक आशेची बाजूही होती, ती विसरता कामा नये. जिचा पत्ता नाही ती बोट बुडालीच असेल असे नाही. ती नुसती बिघडलेलीही असू शकते. १८९२ च्या डिसेंबरात 'अंब्रिया' ही क्युनार्ड कंपनीची बोट लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघाली. २३ डिसेंबरला भर अटलांटिकात तिच्या पंख्याच्या मुख्य दांड्याला तडा गेला आणि ती जागच्या जागी डोलत राहिली. न्यूयॉर्कमध्ये नाताळ आला आणि गेला, बोट नाही. तिकडे टॉमलिन्सन नावाचा मुख्य एंजिनियर आपल्या माणसांना घेऊन रात्रंदिवस तो दांडा सांधीत बसला होता. ३१ डिसेंबरला 'अंब्रिया' आपल्याच बळावर न्यूयॉर्कला लागली. टॉमलिन्सनचे पुष्कळ कौतुक झाले आणि ते योग्यच होते. नाताळच्या दिवशी ताट वाढून ठेवणाऱ्यांचे नाव अर्थात कोठेच आले नाही.

पुढे बिनतारी संदेश आले आणि वाटले, आता हा अंधार संपला. १९०९ च्या जानेवारीत 'रिपब्लिक' बोटीला धुक्यात दुसऱ्या बोटीची धडक बसली, तेव्हा जॅक बिन्स या तरुणाने मोडक्या खोलीत बसून बिनतारी हाका पाठविल्या आणि पंधराशेंवर माणसे वाचली. परंतु बातमी लवकर येते म्हणजे ती खरीच येते, असे थोडेच आहे? तीन वर्षांनी, १५ एप्रिल १९१२ रोजी, अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांनी छापले, की 'टायटॅनिक'ला अपघात झाला खरा, पण सर्व उतारू सुखरूप आहेत आणि बोट ओढून हॅलिफॅक्स बंदराकडे आणली जात आहे. नातेवाइकांना तिकडे नेण्यासाठी खास आगगाडीसुद्धा निघाली. बोट तर त्याच दिवशी पहाटे तळाशी गेलेली होती! ती गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरविण्यात आली. त्या डब्यांतल्या माणसांना गाडी उलटी का वळली हे कळले असेल तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन निरनिराळे संदेश एकत्र होऊन हा घोटाळा झाला, असे पुढे सांगण्यात आले. एका संदेशात उतारू सुखरूप आहेत काय, असा नुसता प्रश्न होता आणि दुसऱ्यात एक निराळीच बोट ओढून आणली जात असल्याची माहिती होती. वाट पाहणाऱ्याच्या कानाला प्रश्नसुद्धा उत्तरासारखा ऐकू येतो.

आमच्याकडे १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला सकाळी निघाली आणि तासाभरात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या इतक्या जवळ हे घडले, तरी मुंबईला कळायला संध्याकाळ व्हावी लागली, कारण बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हते. वाचलेल्यांपैकी पुष्कळजण कोळी बांधवांच्या होड्यांमुळे वाचले. पण या दुर्घटनेविषयी आपल्याकडे लिहिले-बोलले गेले आहे. आता मला अलीकडच्या एका प्रसंगाकडे वळावयाचे आहे. त्यात एकही माणूस बुडाले नाही, तरीही वाट पाहण्याचा एक नवाच प्रकार त्यातून जगासमोर आला.

'कार्निव्हल ट्रायंफ' ही अमेरिकेतली सहलीची बोट. १९९९ साली सेवेत आलेली, पावणेतीनशे मीटर लांबीची. बोट कसली, तरंगते गावच. ७ फेब्रुवारी २०१३ ला ती टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोच्या कोझुमेलकडे चार दिवसांच्या सफरीवर निघाली. वर ३,१४३ प्रवासी आणि १,०८६ नोकर-खलाशी. परतीच्या वाटेवर १० तारखेला, रविवारी पहाटे, एंजिनाच्या खोलीत आग लागली. इंधनाच्या परतीच्या एका लवचिक नळीला गळती होऊन तेल उडाले, असे चौकशीत दिसून आले. आग आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने विझली, कोणाला इजा झाली नाही. पण बोट मेली. युकातान किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर ती प्रवाहाबरोबर वाहू लागली.

एका नळीने एवढे मोठे गाव कसे ठप्प होते, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा बोटीवर मोठी डिझेल यंत्रे वीज निर्माण करतात आणि त्याच विजेवर पंखे फिरतात, दिवे लागतात, स्वयंपाक होतो, हवा थंड होते. संडाससुद्धा पाण्याच्या लोटाने नव्हे, तर हवेच्या ओढीने साफ होतात, आणि त्या ओढीलाही वीज लागते. एखाद्या वाड्याची सारी बिऱ्हाडे एकाच मुख्य तारेवर असावीत आणि ती तारच जळावी, तसे झाले. नळाला पाणी येईना, संडास तुंबले. लोकांना लाल पिशव्या वाटण्यात आल्या. त्यांचा उपयोग काय, तो सांगायला नको. खालच्या खोल्यांत उकाडा आणि दुर्गंधी, म्हणून माणसे गाद्या ओढत वर डेकवर आली आणि चादरींचे तंबू करून राहिली. जेवणासाठी तासन्‌तास रांगा आणि हाती येई थंड सँडविच. श्रीमंती बोटीवर चार दिवसांत चाळीची अवस्था येऊन ठेपली. उलट आमच्या चाळीत निदान शेजारणीच्या घरी तरी चूल पेटलेली असते.

आरंभी बोट मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदराला ओढून न्यायचे ठरले होते. पण प्रवाहाने ती नव्वद मैल उत्तरेला सरकली; शिवाय सुमारे नऊशे प्रवाशांपाशी पारपत्रे नव्हती, म्हणजे परदेशी भूमीवर उतरवून त्यांना घरी आणणे आणखी अवघड. म्हणून अलाबामा राज्यातले मोबाइल हे बंदर ठरले. (गावाचेच नाव मोबाइल, आपल्या हातातल्या यंत्राशी त्याचा काही संबंध नाही. आणि त्या यंत्रांचे काय झाले, तेच पुढे सांगते.)

मदतीची दुसरी बोट जवळ येई, तेव्हा तिच्यावरून दूरध्वनीची लहर मिळे. तेवढ्या वेळात प्रवासी घरी फोन करीत, छायाचित्रे पाठवीत. मग ती बोट दूर जाई, लहर तुटे, आणि हातातली यंत्रेही एकेक करून मरत, कारण ती भरून घ्यायला वीज कुठली? म्हणजे घरच्यांना काय मिळाले? रडवेला आवाज, तुंबलेल्या मोरीचा फोटो, आणि त्यानंतर दिवसच्या दिवस शांतता. 'अंब्रिया'च्या घरच्यांना काहीच ठाऊक नव्हते. 'ट्रायंफ'च्या घरच्यांना अर्धे ठाऊक होते. पैकी कोणते बरे, हे मला सांगता येणार नाही. दूरचित्रवाणीवर आकाशातून घेतलेली बोटीची चित्रे दिवसभर चालू होती. कल्पना करा, आपली मुलगी ज्या बोटीवर आहे ती समोरच्या पडद्यावर आहे, डेकवरची माणसे मुंग्यांएवढी दिसताहेत, आणि त्यांत आपली कोणती ते ओळखता येत नाही!

कंपनीने नातेवाइकांना सांगितले, की प्रवाशांना मोटारगाड्यांनी घरी पोचविण्याची सोय केली आहे, तुम्ही येण्याची गरज नाही. तरीही कितीतरी आईबाप, नवरे, बहिणी टेक्सासहून सुमारे आठशे किलोमीटर गाडी हाकीत मोबाइलला जाऊन उभे राहिले. व्यवहाराने पाहता त्यांच्या जाण्याने बोट एक हातभरही लवकर येणार नव्हती. पण वाट पाहणाऱ्याला जागा बदलाविशी वाटते. बोट येणार त्या पाण्याशेजारी जाऊन उभे राहिले, म्हणजे आपण काहीतरी करीत आहोत असे मनाला पटते. ज्या दारात बाळंतिणीला नेले त्या दारापाशीच आपणही ताटकळत बसतो, ते याचसाठी.

१४ तारखेला, बंदर दृष्टीच्या टप्प्यात असताना, ओढणारा दोर तुटला. पुन्हा दोर बांधण्यात वेळ गेला. रात्री साडेनवाच्या सुमारास बोट धक्क्याला लागली. पण तिचे एकच उद्वाहन चालू होते आणि हजारो माणसे उतरावयाची होती. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत मध्यरात्र उलटून एक वाजून गेला. शंभराच्या आसपास मोटारगाड्या उभ्या होत्या. त्यांतली एक न्यू ऑर्लिन्सच्या वाटेवर बंद पडली, तेव्हा त्या बिचाऱ्यांनी हसावे की रडावे?

या प्रकरणाचे परिणाम झाले. प्रत्येक प्रवाशाला तिकिटाचे पैसे परत आणि वर पाचशे डॉलर देण्यात आले. कंपनीने आपल्या बोटींच्या सुधारणांसाठी तीस कोटी डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले; राखीव वीज वाढविणे हा त्यातला मुख्य भाग. १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी बोटींना एक नियम आधीच लागू होता, की आग वा पाणी शिरून एक कप्पा निकामी झाला तरी बोट स्वतःच्या बळावर बंदर गाठू शकली पाहिजे. 'ट्रायंफ' जुनी, म्हणून नियमाबाहेर. मे २०१३ मध्ये सहलीच्या बोटींच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची एक सनद काढली, आणि प्रवासात बदल झाल्यास वेळेवर माहिती मिळण्याचा हक्क तीत घातला. सनद प्रवाशांची आहे. घरी बसलेल्यांना हक्क असतो असे कोणाच्या मनात आले असते तर बरे झाले असते.

दुरुस्तीसाठी बोट मोबाइललाच होती. ३ एप्रिलला वादळी वाऱ्याने तिचे दोर तुटले आणि ती गोदीतून सुटली. त्या वादळात पहारेकऱ्याची चौकी पाण्यात गेली आणि एक वयस्क रखवालदार वाहून गेला. त्याचे शव काही दिवसांनी सापडले. चार हजार माणसांच्या सुटकेवेळी जमलेले कॅमेरे त्या एका घराच्या वाट पाहण्यावर फार वेळ थांबले नाहीत. बोट पुढे २०१९ मध्ये नूतनीकरण होऊन 'कार्निव्हल सनराइज' या नावाने फिरू लागली.

आणि ते १,०८६ नोकर-खलाशी? प्रवासी रात्री उतरून गेले; त्या घाणीत प्रवाशांना जेवण वाढणारे, लाल पिशव्या उचलणारे हे लोक होते. त्यांच्या धीराची प्रशंसा प्रवाशांनी तोंड भरून केली. अशा बोटींवरचे नोकर बहुधा फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि आपला देश यांसारख्या ठिकाणचे असतात. त्यांच्या बायका आठशे किलोमीटर गाडी हाकून धक्क्यावर जाऊ शकत नाहीत. गोव्यात बोटीवरच्या माणसाला 'तारवटी' म्हणतात. कित्येक गावांत घरटी एक तारवटी असतो आणि घराचा कारभार, मुलांचे शिक्षण, सासूसासऱ्यांचे दुखणेभाणे सारे त्याच्या बायकोच्या अंगावर असते.

त्या बायकांची कसोटी २०२० साली लागली. तेव्हा बोटी बिघडल्या नव्हत्या; साथीमुळे बंदरेच बंद झाली होती. 'मरेला डिस्कव्हरी' ही सहलीची बोट एप्रिलमध्ये मुंबईसमोर येऊन उभी राहिली. तिच्यावर सुमारे १४५ भारतीय खलाशी होते, त्यांत गोव्याचे बरेच. मुंबईचे दिवे दिसत होते, पण उतरायची परवानगी नव्हती. गोव्यातल्या घरांतून अर्ज गेले, पुढाऱ्यांचे दरवाजे ठोठावले गेले. २१ एप्रिलला केंद्र सरकारने खलाशांना उतरवून घेण्याचे नियम काढले आणि २३ तारखेला ते मुंबई बंदरात उतरले. गोव्याची मंडळी मोटारगाड्यांनी गोव्याला गेली. तेथे विलगीकरणाचे दिवस वेगळेच काढायचे होते. बोट लागली, माणूस उतरला, आपल्या मुलखात येऊन पोचला, तरी घरच्या चुलीपाशी बसलेलीला आणखी दोन आठवडे मोजायचे होतेच.