आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांतील प्रकाश

आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) : कोल्हापूरचे चित्रकार. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत पाश्चात्त्य रेखनपद्धतीचे शिक्षण घेऊन, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार म्हणून आश्रय मिळालेला असतानाही ज्यांचे चित्त दरबारी इतमामापेक्षा कोल्हापुरातील कोटितीर्थ तलावाच्या काठी व रंकाळा तलावाच्या संध्यामठापाशीच अधिक रमले, त्या आबालालांनी महाराष्ट्रातील निसर्गचित्राला वातावरणाचे भान दिले.

इंग्लंडात चित्रकार टर्नरने (मृत्यू १८५१) धुक्यात व उजेडात घनरूप वस्तू विरघळवून प्रकाशालाच चित्रविषय केले होते. आबालालांच्या जलरंगांत तोच भाव अधिक सौम्य, अंतर्मुख होऊन अवतरतो. नगरजवळच्या सावेडीसारख्या अवर्षणप्रवण पठारावर कोरडी हवा प्रत्येक कडा तीक्ष्ण करते. उलट कोल्हापूरच्या सजल हवेत दूरची झाडी निळसर होत जाते, आणि पाण्यावरचा प्रकाश व पाण्यातले प्रतिबिंब यांची सीमा पुसट होते. ही पुसट सीमा रंगाच्या लहान लहान स्पर्शांनी पकडणे, हेच आबालालांचे खरे सामर्थ्य होय. शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) त्यांनी शोकावेगाने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात विसर्जित केली, अशी हृदयद्रावक आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते.