पाव मैलाची शर्यत आणि चांदवडी कान

बाहेरगावच्या पाहुण्याला आमच्या चांदवडची ओळख करून द्यायची म्हणजे मी तीन गोष्टी सांगतो: रेणुकामातेचे मंदिर, होळकरांचा रंगमहाल आणि चांदवडी रुपया. होळकरांच्या अमदानीत येथे टांकसाळ होती. रुपया हाती आला की जुना सराफ तो आधी दगडावर वाजवून पाही. चांदीत हीण अधिक पडले असेल तर नाद बदलत असे. डोळा फसेल, पण मुरलेला कान सहसा फसायचा नाही.

टांकसाळ केव्हाच बंद पडली. पण तसा कान असलेला एक माणूस आजही आमच्या गावी आहे. तो रुपये नव्हे, मोटारी पारखतो. त्याची हकीकत सांगायची तर आधी कार्बोरेटर नावाच्या वस्तूचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. वाचकहो, घाबरू नका. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा जे मला समजले ते आपल्या घरातल्या लहानथोरांना सहज समजेल.

पेट्रोल नुसते असून भागत नाही. त्याला हवेची जोड लागते, आणि तीही मोजून. वजनाने एक भाग पेट्रोल असेल तर ते पुरते जळायला सुमारे १४.७ भाग हवा हवी. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर इंजिन खोकते. कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यात पेट्रोलवरून हवा खेळवून तिच्याबरोबर त्याची वाफ नेत असत. हे काम बेभरवशाचे होते. पुढे १८९३ साली बुडापेस्टचे दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला. फुले विकणाऱ्या मुलीच्या हातची पाणी शिंपडण्याची पिचकारी पाहून बांकीला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे.

यातले तत्त्व आपल्या घरातलेच आहे. डास मारण्याचा फ्लिटचा पंप आठवा. दट्ट्या दाबला की हवा नळीच्या तोंडावरून वेगाने जाते आणि डब्यातले औषध आपोआप वर ओढले जाऊन त्याचे तुषार उडतात. वाहती हवा अरुंद जागेतून गेली की तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. इटलीच्या व्हेंचुरी नावाच्या पंडिताने असल्या अरुंद वाटेतल्या प्रवाहांचा अभ्यास १७९७ साली प्रसिद्ध केला. म्हणून कार्बोरेटरच्या गळ्याला त्याचेच नाव पडले. गळ्याच्या पुढे एक चपटी चकती असते, तिला मिस्त्री लोक बटरफ्लाय म्हणतात. आपण पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांड्या व सांधे हलतात आणि ही चकती उघडते. या दांड्यासांध्यांच्या साखळीला गॅरेजात नुसते 'लिंक' म्हणतात.

साध्या मोटारीला एक कार्बोरेटर पुरतो. शर्यतीच्या मोटारीला मात्र दमदार श्वास हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तरुणांना एक नवे वेड लागले: दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, खूण होताच सोडायच्या आणि पाव मैलात, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांत, कोण पुढे जातो ते पाहायचे. ही ड्रॅग शर्यत. सांता आना येथील धावपट्टीवर १९५० साली या शर्यती नेमाने सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सने त्यांची राष्ट्रीय संघटना काढली. जुन्या फोर्ड व्ही-८ इंजिनावर ही पोरे दोन, तीन, कधी त्याहूनही अधिक कार्बोरेटर बसवीत. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली धावपट्टी होती. १९५३ साली मद्रासला मोटार-शर्यतींचा क्लब निघाला आणि त्या धावपट्टीवर शर्यती गाजू लागल्या. तेथे धावणाऱ्या गाड्यांत फियाट पुष्कळ असत. आणि फियाट म्हणजे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी.

तशीच एक जुनी फियाट गेल्या खंडेनवमीला आमच्या गावी आली. त्या दिवशी गॅरेजात पाने-पकडी धुऊनपुसून मांडल्या होत्या, त्यांना हळदकुंकू लागले होते, दाराला झेंडूचे तोरण होते. पेढे घ्यायला म्हणून मी गेलो होतो. गाडीचे मालक नाशिकचे, वयाने सत्तरीकडे झुकलेले. गाडी त्यांच्या वडिलांची. हौसेने दोन कार्बोरेटर बसवून घेतलेले. हयातीत एकदा तरी ती पाव मैलाच्या शर्यतीत पळवायची, एवढीच इच्छा. पण उचल घेताना गाडी गचका खाई. शहरात पैसा ओतून जेट बदलून झाले, प्लग बदलून झाले, गचका तसाच.

आमच्या मिस्त्रीने प्रथम विचारले, "काका, धावपट्टी किती उंचीवर आहे?" मला प्रश्नाचा उलगडा होईना. मग त्यानेच सांगितले की हजार फूट वर गेले की हवा शेकडा तीन टक्क्यांनी विरळ होते, पेट्रोल मात्र त्या मानाने कमी होत नाही. मालेगावहून राहूड घाट चढून आलेली गाडी वर येऊन का कुरकुरते, ते मला तेव्हा कळले.

मग त्याने इंजिन चांगले तापू दिले आणि दोन्ही कार्बोरेटरांना जोडणारी लिंक सोडून टाकली. मी म्हटले, "अरे, जोडायचे सोडून तोडतोस काय?"

"गुरुजी, आधी दोघांना आपापल्या जागी नीट करू. दोघे जोडलेले असताना कोणाची खोड आहे ते कळत नाही."

रबरी नळीचे एक टोक त्याने कानाशी धरले, दुसरे पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. आतून श्वासाचा सूं-सूं आवाज येतो. स्क्रू केसभर फिरवीत त्याने दोन्ही श्वास सारखे केले. मग मिश्रणाचा स्क्रू: इंजिन अडखळेपर्यंत आत, पुन्हा अडखळेपर्यंत बाहेर, आणि त्या दोहोंच्या मधोमध मुक्काम. शेवटी लिंक जोडली तेव्हा दिसले, की एक सांधा झिजून तांदळाच्या दाण्याएवढी ढील पडली आहे. पहिली चकती उघडे, दुसरी क्षणभर मागून. गचका तेथला!

सांधा बदलल्यावर त्याने मला आत बसवून पाय पूर्ण दाबायला सांगितले आणि स्वतः इंजिनात डोकावला. चकत्या पुऱ्या उघडत नव्हत्या. त्याने येऊन माझ्या पायाखालचे नवे जाड जाजम ओढून काढले. पुन्हा दाबले, पुऱ्या उघडल्या. इतके पैसे खर्चून झाले, पण पायाखाली कोणी पाहिले नव्हते! घाटापर्यंत फेरी मारून आल्यावर प्लग काढला, तो बिस्किटाच्या रंगाचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. काकांनी काही न बोलता बॉनेटवर हात फिरवला.

आता खरी गोष्ट. हा मिस्त्री माझा विद्यार्थी. शाळेत तो शेवटच्या बाकावर खिडकीशी बसे आणि आग्रा रोडवरून जाणारी गाडी न पाहता, नुसत्या आवाजावरून ओळखून शेजाऱ्याला सांगे. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष नाही' असा शेरा मारला होता. एकदा भर वर्गात त्याचा कानही पिळला होता. नेमका तोच कान! चाळीस पोरे एकाच लिंकला जोडून मी वर्षानुवर्षे एकदम पाय दाबीत आलो. एकेकाचा श्वास ऐकायला सवड काढली नाही.

ही विद्या आता फार दिवसांची सोबतीण नाही. नव्या मोटारींतून कार्बोरेटर कधीच गेला. २०२० च्या एप्रिलपासून नवे प्रदूषण-नियम आले, तसा तो बहुतेक नव्या दुचाक्यांतूनही गेला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. नव्या गाडीत हवेपेट्रोलचे माप यंत्रच ठरवते, आणि चांगले ठरवते. तक्रार नाही. पण टांकसाळीबरोबर सराफाचा कान गेला, तसा हाही जाईल.

निघताना मी त्याच्याकडे ती नळी मागितली. दोन्ही तोंडांशी धरून ऐकले. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्याने मुद्दाम एक स्क्रू किंचित फिरवला. "आता?" मला फरक कळेना. त्याने पुन्हा फिरवला, पुन्हा ऐकवले. तिसऱ्या खेपेस कोठे मला एक श्वास थोडा जाड वाटला.

"जमलं की, गुरुजी," तो म्हणाला. त्याने माझा कान पिळला नाही.