सुई, खिळा आणि शब्द : मराठी ख्रिस्ती मुलींच्या मंडळांतील हस्तव्यवसायाचा इतिहास

चर्चमधील तरुण मुलींच्या मंडळासाठी कार्यक्रम आखणे, म्हणजे प्रार्थना, वाचन, गायन, खेळ आणि हस्तकला यांची आठवड्यागणिक मांडणी करणे, ही बाब आज इतकी परिचित झाली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणास वाटत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासातही तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. बायबलची भाषांतरे, ‘ज्ञानोदय’सारखी नियतकालिके, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, नारायण वामन टिळकांची कविता, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांची चर्चा होते. मुलींचे शिवणकाम, विणकाम आणि त्यासाठी राखून ठेवलेला तास यांची नोंद मात्र ‘मिशनकार्य’ या सदरात होऊन तेथेच संपते. वस्तुतः स्त्रियांच्या हाताला काम देणाऱ्या या तासाचा मराठी स्त्रियांच्या वाचनाशी, बोलण्याशी आणि अखेरीस मुद्रित शब्दाशी जवळचा संबंध आहे. त्या संबंधाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. शाळेतील सुई

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि त्याची मुलींसाठीची पहिली शाळा १८२४ मध्ये निघाली. १८२७ च्या अखेरीस मुंबईत आलेल्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळांची जबाबदारी घेतली. १८३९ पासून १८६२ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी अहमदनगर येथे हेच काम केले. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या मार्गारेट विल्सन यांच्या मुलींच्या शाळाही याच काळातील होत. फरारबाईंच्या नगर येथील शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या आणि १८४८ च्या त्यांच्या पुण्यातील उपक्रमामागे त्या अनुभवाचा वाटा होता, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली आहे.

या शाळांमध्ये वाचन, लेखन व गणित यांच्या जोडीला शिवणकाम होते. त्याचे कारण केवळ उपयुक्ततेत शोधणे पुरेसे नाही. मुलीने अक्षर शिकावे हे तत्कालीन समाजाला संशयास्पद वाटत होते, पण तिने सुई धरावी याला फारसा विरोध नव्हता. त्यामुळे शिवणकाम हे अक्षराच्या सोबतीला दिलेले एक प्रकारचे अभयपत्र ठरले. हेच शिवणकाम पुढे उलट बाजूनेही वापरले गेले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाल्यावर ‘केसरी’तून त्याच्या अभ्यासक्रमावर जी टीका झाली, तिच्यात मुलींना इंग्रजी उच्च शिक्षणाऐवजी शिवण व गृहकृत्ये शिकवावीत असा आग्रह होता. एकाच सुईने एका ठिकाणी शाळेचे दार उघडले, तर दुसऱ्या ठिकाणी अभ्यासक्रमाची मर्यादा आखण्यासाठी तिचा दाखला दिला गेला. हस्तव्यवसायाचा अर्थ त्या कामात नसून त्याच्या शेजारी काय ठेवले जाते यावर अवलंबून असतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

दुसरी एक बाब तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मराठी घरात मुलींच्या हाताचे काम नवे नव्हते. रांगोळी, वाकळ शिवणे, दळण-कांडण ही कामे त्या करीतच होत्या आणि जात्यावरच्या ओवीमुळे काम व काव्य यांची सांगडही जुनीच होती. परंतु त्या कामाचे आणि खेळांचे वेळापत्रक पहाट, ऋतू आणि सण यांनी ठरवलेले होते. हादगा आश्विनात आणि मंगळागौर श्रावणात येई. मिशनच्या शाळेने व पुढे मंडळाने त्या जागी घड्याळाचा तास आणि रविवारपासून मोजला जाणारा आठवडा आणला. कार्यक्रम ‘आखणे’ ही कल्पना या बदलातून आली.

२. शारदा सदन : काम आणि प्रार्थना यांची सीमारेषा

या आखणीला शैक्षणिक विचाराची बैठक पंडिता रमाबाईंनी दिली. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्यांची वीण, टोचकाम, भरतकाम, मातीकाम यांना फ्रोबेलच्या पद्धतीत ‘फावल्या वेळचा उद्योग’ असे स्थान नाही. मूल हाताने आकार घडवते आणि त्यातूनच विचार करू लागते, असे त्यामागील सूत्र आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या शारदा सदनाकडे या दृष्टीने पाहिले असता, तेथील हस्तव्यवसाय हा मिशनशाळेतील शिवणकामाचा नुसता विस्तार नव्हता असे दिसून येते. तेथे आलेल्या मुलींपैकी अनेक बालविधवा होत्या. अशुभ मानल्या गेलेल्या हातांनी काही घडवावे, या गोष्टीला त्यांच्या बाबतीत वेगळाच अर्थ होता.

शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते. त्यामुळे अभ्यास आणि हस्तकाम यांची आखणी सर्वांना मान्य होणारी होती. वाद उद्भवला तो रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला मुली बसू लागल्यामुळे. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद सामान्यतः धर्मांतराचा वाद म्हणून वाचला जातो. आखलेला तास कोठे संपतो आणि मुलीची स्वतःची इच्छा कोठे सुरू होते, हा प्रश्नही त्याच्या मुळाशी होता. मुली प्रार्थनेस बसतात ते आखणीमुळे की स्वेच्छेने, याचे उत्तर दोन्ही पक्षांनी त्या मुलींना न विचारताच दिले होते.

सदनातील एका विद्यार्थिनीने या काळाविषयी पुढे स्वतः लिहिले. गोदूबाई, म्हणजेच पुढील काळातील आनंदीबाई कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. ज्या संस्थेविषयी पुरुषांनी वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने भरले, त्या संस्थेच्या आतील दिनक्रम एका मुलीच्या नजरेतून मराठीत आला तो सुमारे अर्ध्या शतकानंतर, हे नोंदवण्याजोगे आहे.

३. दुष्काळ, मध्यप्रांत आणि केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळाने या हस्तव्यवसायाचे स्वरूप पालटले. तत्कालीन मध्यप्रांत नागपूरपासून नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत आणि पूर्वेस छत्तीसगडच्या मैदानापर्यंत पसरलेला होता. आजचे दुर्ग, भिलाई, जामुल हे सर्व क्षेत्र त्यातच येत असे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असल्याने या मैदानाला मराठीचा शेजार नवा नव्हता. ख्रिस्ती कामाची सुरुवात मात्र तेथे मराठीतून झाली नाही. १८६८ मध्ये जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूर हे केंद्र उभारले आणि त्या परिसरातील मंडळ्यांचा व्यवहार हिंदी व छत्तीसगढीच्या आधाराने वाढला.

रमाबाई दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्याजवळील केडगाव येथील जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली आणि तेथेच ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संस्थेतील एकूण संख्या १,९०० च्या आसपास पोहोचली. शारदा सदनातील मुली बहुतांशी उच्चवर्णीय व मराठीभाषक होत्या. केडगावच्या मुलींमध्ये शेतकरी व कारागीर जातींच्या, हिंदी व गुजराती बोलणाऱ्या मुलींचे प्रमाण मोठे होते.

येथे हस्तव्यवसायाचे भाषिक महत्त्व प्रकट होते. व्याकरण शिकवण्यासाठी समान भाषा लागते. टाका घालणे किंवा मागावर धोटा फिरवणे हे दाखवून शिकवता येते. भिन्नभाषी मुलींना एकत्र बसवणारी पहिली जागा वर्ग नसून कामाची पडवी होती, असे म्हणण्यास वाव आहे. शिवण, विणकाम, भरतकाम, दुग्धालय, तेलघाणी, शेती, धुलाई असे अनेक विभाग मुक्तीत होते. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. तेथे तर बोटे हीच कामाची आणि वाचनाचीही साधने झाली.

४. मंडळ : हातांकडून वाणीकडे

मुलींचे ‘मंडळ’ ही रचना शाळेहून आणि वसतिगृहाहून वेगळी आहे. तिचा एक महत्त्वाचा उगम फ्रान्सिस क्लार्क यांनी १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ या तरुणांच्या संघटनेत आहे. भारतातील मिशनांच्या मंडळ्यांत ती लवकरच रुजली. १९०९ चे तिचे जागतिक अधिवेशन आग्रा येथे भरले होते. तिचे दोन नियम साहित्याभ्यासकाने लक्षात घ्यावेत असे आहेत. पहिला नियम असा की, काम समित्यांमध्ये वाटलेले असे. प्रार्थनासभा, नव्या सभासदांची देखरेख, स्नेहमेळावा यांची आखणी तरुण सभासदच करीत. दुसरा नियम असा की, प्रत्येक सभासदाने प्रत्येक सभेत गायनाखेरीज काही ना काही सहभाग घ्यावा अशी प्रतिज्ञा असे. या नियमाला मुलींचा अपवाद नव्हता. ज्या समाजात मुलीने चारचौघांत बोलणे हेच अमर्यादेचे मानले जाई, तेथे या प्रतिज्ञेने तिला बोलण्याचा अधिकारच नव्हे, तर बोलण्याचे कर्तव्य दिले.

याच काळात इतर रचनाही आल्या. वायडब्ल्यूसीएचे भारतातील काम मुंबईत १८७५ मध्ये सुरू झाले होते. मुलींच्या गाइड चळवळीचे भारतातील पहिले पथक १९११ मध्ये मध्यप्रांतातील जबलपूर येथे निघाले. मात्र आरंभी त्यात भारतीय मुलींना प्रवेश नव्हता, तो १९१६ पासून मिळाला. मराठी मंडळ्यांना या विदेशी चौकटींत स्वतःचे काही भरता आले ते मुख्यतः गायन व वाचन यांच्या आधारे. कृष्णराव सांगळे यांची कीर्तने आणि टिळकांची अभंग-ओवीच्या वळणाची गीते यांमुळे मंडळीत गाण्यासाठी देशी चालींचा साठा तयार झाला. अमेरिकन मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मासिकामुळे मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे गद्य मिळाले. हात कामात गुंतलेले असताना कानावर पडणारा शब्द, ही जात्यावरील जुनी सांगड अशा रीतीने नव्या चौकटीत टिकून राहिली. फरक एवढाच की, ओवी गाणारीच ती रचीत असे. येथे शब्द बहुधा छापलेला व दुसऱ्याचा होता.

५. खिळे जुळवणाऱ्या मुली

हे अंतर केडगावच्या छापखान्यात काही अंशी भरून निघाले. १९०५ च्या सुमारास रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलच्या स्वतंत्र मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, सामान्य स्त्रियांना ते समजत नाही आणि त्यातील अनेक संज्ञा हिंदू दर्शनांचा अर्थ सोबत घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्यापूर्वी हे काम पूर्ण झाले होते. छापलेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील मुलींनी व स्त्रियांनी केले.

मराठी मुद्रणात अक्षराच्या धातूच्या ठशाला ‘खिळा’ म्हणतात. देवनागरीचे खिळे जुळवणे हे कष्टाचे काम आहे. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे खणांची संख्या रोमन लिपीच्या मानाने कितीतरी अधिक होते आणि अक्षरे उलटी वाचावी लागतात. टाका मोजून घालण्याची आणि चूक दिसल्यास उसवण्याची सवय असलेल्या हातांना हे काम साधले, यात नवल नाही. परंतु भरतकाम आणि खिळेजुळणी यांत एक मूलगामी भेद आहे. खिळे जुळवणारीला वाचता आलेच पाहिजे. शिवण हे शिक्षणाची मर्यादा ठरू शकते, खिळेजुळणी ठरू शकत नाही. रमाबाईंना ज्या स्त्रियांना समजेल अशी भाषा हवी होती, तशाच स्त्रियांच्या हातून ती भाषा शब्दागणिक जात होती. त्यांच्या आकलनाचा या भाषांतराच्या शैलीवर कितपत परिणाम झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

६. दोन तुलना

आंध्रातील नरसापूर येथे १८४० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी कुटुंबाने ख्रिस्ती स्त्रियांना लेस विणणे शिकवले. तो उद्योग पुढे जागतिक बाजारपेठेशी जोडला गेला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारिया मीस यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, या विणकर स्त्रियांना कामगार न मानता घरबसल्या वेळ घालवणाऱ्या गृहिणी मानले गेले आणि म्हणूनच त्यांची मजुरी अत्यल्प राहिली. कामाची जोड अक्षराशी आणि संघटनेशी तुटली की काय होते, याचे हे उदाहरण आहे. केडगावलाही या टीकेपासून सर्वस्वी मुक्त मानता येणार नाही. तेथेही दिनक्रम वरून आखलेला होता, देणगीदारांसाठी अहवाल इंग्रजीत लिहिले जात आणि त्यांत बहुसंख्य मुली समूहरूपानेच अवतरतात.

दुसरी तुलना हिंदू सुधारकांच्या संस्थांशी करावी लागते. कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याची सेवासदन (१९०९) यांत शिक्षणाला हस्तव्यवसायाची व स्वावलंबनाची जोड दिलेली आढळते. धर्मांतराच्या प्रश्नावर ज्यांचा मिशनांशी तीव्र मतभेद होता, त्यांनीही निवास, शिक्षण आणि हाताचे काम ही त्रिसूत्री स्वीकारली. साहित्यप्रकार जसा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना आशय बदलतो आणि आकृती टिकवतो, तसेच या तासाचे झाले. प्रार्थनेच्या जागी श्लोक, आरती किंवा देशभक्तिपर गीत आले. कामाचा तास तसाच राहिला.

समारोप

मुलींच्या मंडळातील हस्तव्यवसाय हा मराठी ख्रिस्ती साहित्यव्यवहाराचा परिघावरील तपशील नसून त्याची एक पूर्वतयारी होती, असे या विवेचनावरून म्हणता येईल. सुईने मुलीला घराबाहेर बसण्याची मुभा दिली, मंडळाच्या नियमाने तिला बोलते केले आणि खिळ्यांनी तिचा हात मुद्रित शब्दापर्यंत नेला. या तीन टप्प्यांनंतर चौथा टप्पा लेखनाचा. तो लक्ष्मीबाई टिळकांसारख्या काही थोड्या स्त्रियांनी गाठला. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’ची घरगुती, बोलकी शैली ही स्त्रियांच्या बैठकीतील बोलण्याशी नाते सांगणारी आहे, ती या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

बहुसंख्य मुली मात्र तिसऱ्या टप्प्याच्या अलीकडेच थांबल्या. १९२४ च्या बायबलावर भाषांतरकर्तीचे नाव सर्वज्ञात आहे. त्याचे खिळे जुळवणाऱ्यांची ओळख ‘मुक्तीतील मुली’ एवढीच उरली आहे. त्यांचे स्वतःचे लेखन हाती नसले तरी त्यांनी जुळवलेले पान आजही उघडून वाचता येते. मराठी स्त्रीसाहित्याच्या इतिहासाने लेखिकांच्या नामावलीबरोबर या पानाचीही दखल घेतली पाहिजे.