नळी लांब की आखूड?

शिकारी मंडळींच्या बैठकीत एक वाद कधी मिटत नसे. पाखरांच्या शिकारीसाठी बंदुकीची नळी किती लांब असावी? कोणी ३० इंचांखाली यायला तयार नसे, कोणाला २८ इंच पुरेसे वाटत, तर कोणी त्याहूनही आखूड नळीची बाजू घेई. या आवडीनिवडीमागे मोठा इतिहास आहे.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू भरत. ती सावकाश जळे. छर्र्यांना पुरता जोर मिळावा म्हणून लांब नळी लागे. १८८०च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि तोच जोर कमी लांबीत मिळू लागला. लांब नळीचे मूळ कारण संपले, सवय मात्र टिकली. १९२०च्या दशकात लंडनचे बंदूक बनवणारे रॉबर्ट चर्चिल यांनी २५ इंची नळीचा पुरस्कार केला आणि वाद पुन्हा पेटला.

छर्रे किती पसरतील, हे मुख्यतः नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या किंचित आवळपणावर, म्हणजे चोकवर ठरते. लांबीचा फरक जाणवतो तो हाताला. लांब नळीचे वजन तोंडाकडे असते, ती उडत्या पाखरामागे संथपणे फिरते. आखूड नळी चटकन खांद्याला लागते.

म्हणूनच माणसाची आवड त्याच्या रानावरून ठरे. आमच्या दारव्ह्याकडे तुरी-पऱ्हाटीची वावरे. तित्तर आधी पळतो, मग अगदी पायाजवळून फडफडत उठतो. तिथे आखूड नळी सोयीची. तलावावरून उंच जाणाऱ्या बदकांसाठी लांब नळी बरी.

याच रानात फासेपारधीही होते. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, फासे होते. पाखराची वाट, वेळ आणि साद त्यांना परवानाधारकांपेक्षा जास्त ठाऊक. बंदूकवाल्याच्या शिकारीला शौक म्हणत. पारध्याचे पोट मात्र संशयाच्या नजरेखाली भरे. १८७१च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणे सुरू केले. तो कायदा १९५२मध्ये गेला. पारध्यांकडे पाहणारी नजर अजून पुरती बदललेली नाही.

नळीच्या लांबीत पुढे कायदाही आला. १९५९च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम सांगते की, परवान्याशिवाय नळी आखूड करता येणार नाही. आखूड केलेली बंदूक कपड्यात लपते, म्हणून ही अट. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१च्या दुरुस्तीने तिची दारे जवळपास बंद केली. ते योग्यच झाले. माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, तणमोर दुर्मीळ आहे. मात्र दोष एकट्या बंदुकीचा नाही. गवताळ माळ नांगराखाली गेले, हेही तितकेच मोठे कारण.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांना पाखरांची वाट दाखवली ती लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीनेच. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. आपल्या गावातल्या जुन्या शिकाऱ्यांकडे आणि पारध्यांकडेही अशी माहिती आहे. कोणते पाखरू कुठून उठते, कुठे पाण्याला येते, हे ते सांगू शकतात. ते हयात आहेत तोवर शाळेतल्या पोरांना त्यांच्यासोबत माळावर पाठवायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)