भवभूती-उंबेक वाद
‘मालतीमाधव’ नाटकाचा कर्ता कोण, हा संस्कृत अभ्यासातला वाद. आठव्या शतकातला भवभूती आपले कूळ पद्मपूरचे सांगतो, वा. वि. मिराशींच्या मते हे गाव आमगावजवळचे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले (१९९९ पासून गोंदिया). शंकर पांडुरंग पंडितांना मिळालेल्या एका हस्तलिखितात मात्र तिसऱ्या अंकाअखेर कर्ता ‘कुमारिलाचा शिष्य’ (कुमारिल हा मीमांसा दर्शनाचा आचार्य), सहाव्याअखेर ‘उंबेकाचार्य’ आणि दहाव्याअखेर पुन्हा भवभूती! त्यावरून मीमांसक उंबेक म्हणजेच भवभूती, असा तर्क निघाला. पण कवी स्वतः गुरूचे नाव ज्ञाननिधी देतो, त्यामुळे एका पोथीवर एवढा भार टाकणे धाडसाचेच. शेक्सपिअरचे श्रेय ऑक्सफर्डच्या अर्लला देणाऱ्या ‘अ‍ॅनॉनिमस’ (२०११) चित्रपटाच्या हाती मात्र अशी पोथीसुद्धा नाही.